नव्या लागवडीच्या टाकीत पानं विरघळतात, शेवाळ परत परत येतं: आधी काय तपासायचं

जिवंत पाणझाडं लावलेल्या माशांच्या काचेच्या टाकीबद्दल हे आहे. लक्षणं साधारण अशी असतात. टाकी लावून आठ-दहा दिवस झाले की काही झाडांची पानं पारदर्शक, लिबलिबीत होऊन गळायला लागतात. काचेवर आणि दगडांवर तपकिरी भुकटीसारखा थर चढतो. महिनाभरात त्याची जागा हिरवे धागे घेतात. मग कुणीतरी सुचवलेलं शेवाळनाशक पडतं, आठवडाभर टाकी बरी दिसते, आणि त्यानंतर धागे पुन्हा हजर. यावेळी जास्त दाट.

इथे पोहोचलेला प्रत्येक जण एकच विचारतो, "शेवाळावर काय टाकू?" माझं उत्तर थोडं चिडवणारं आहे: सध्या काहीच टाकू नका. शेवाळाकडे टक लावून बघणंही जरा थांबवा आणि झाडाचा शेंडा बघा. शेवाळाचे बीजाणू पाण्यात, झाडांच्या मुळांवर, हवेतल्या धुळीत सगळीकडे असतात. टाकीतून ते कायमचे घालवता येत नाहीत. ते डोळ्यांना दिसण्याइतके फोफावतील का, हे बरंचसं झाडं वाढताहेत की नाही यावर ठरतं. जोमात वाढणाऱ्या पानावर शेवाळ फारसं बसत नाही. खंगलेल्या पानातून मात्र साखरा आणि इतर सेंद्रिय द्रव्यं झिरपत राहतात, आणि शेवाळ नेमकं तिथेच बूड टेकतं. औषधाने वरचं शेवाळ मरतं, पान खंगलेलंच राहतं, वर मेलेल्या शेवाळाच्या कुजण्याची भर पडते. परत येण्याचं कारण एवढंच.

## कुठलं पान मरतंय, जुनं की नवं?

रोपवाटिकेतून येणारी बरीचशी पाणझाडं पाण्याखाली वाढवलेली नसतात. मुळं ओलीत आणि पानं दमट हवेत अशी ती वाढवतात, कारण तशी ती भराभर वाढतात आणि त्यांच्यावर शेवाळ, गोगलगायी येत नाहीत. हवेतल्या पानावर मेणासारखा थर असतो, पान जाडसर असतं. असं पान पाण्यात बुडवलं की त्याला पाण्यातला कार्बन डायऑक्साइड नीट घेता येत नाही. झाड मग त्या पानातलं जेवढं परत ओढून घेता येईल तेवढं ओढतं, पान सोडून देतं आणि पाण्याखाली चालतील अशी पातळ, नाजूक पानं नव्याने काढतं. टिश्यू कल्चरच्या डब्यातून आलेल्या रोपांचंही असंच होतं.

म्हणजे जुनी पानं गळताहेत आणि शेंड्याला किंवा मध्यातून नवं पान सरळ, स्वच्छ येतंय, तर झाड आजारी नाही. पालट चालू आहे. क्रिप्टोकोरिन तर या बाबतीत फारच नाटकी: दोन-तीन दिवसांत आख्खं झुडूप विरघळून नुसती देठं उरतात. घाबरून उपटू नका. मुळं आणि जमिनीखालचा गड्डा जिवंत असतो, आणि तीन-चार आठवड्यांत तिथून फुटवे येतात. उपटून जागा बदलली की तोच तमाशा पुन्हा पहिल्यापासून.

गळकी पानं मात्र कापून बाहेर काढा, रोजच्या रोज काढावी लागली तरी. कुजणारं पान अमोनिया सोडतं, आणि नव्या टाकीत अमोनिया वाढणं म्हणजे शेवाळाला आमंत्रण.

उलट शेंडाच काळा पडतोय, खुरटतोय, नवी पानं जुन्यांपेक्षा लहान आणि वेडीवाकडी येताहेत, तर मात्र अडचण खरी आहे आणि ती आज चालू आहे. जुनं पान मागच्या महिन्यात काय झालं ते सांगतं. आत्ताची खबर शेंड्याकडे असते.

अन्यूबियास, जावा फर्न आणि ब्यूसेफालँड्रा यांची गोष्ट वेगळी. यांचं आडवं जाड खोड, म्हणजे राइझोम, मातीत गाडलं की सडतं. पानं देठासकट सुटून वर तरंगायला लागली तर खोड बोटाने दाबून बघा. मऊ लागलं, घाण वास आला, तर तेवढा भाग घट्ट हिरवा गाभा लागेपर्यंत कापून टाका आणि उरलेला तुकडा दगडाला किंवा लाकडाला दोऱ्याने बांधा. जावा फर्नच्या पानामागे ओळीत आलेले तपकिरी उंचवटे बघून बरेच जण रोग समजून पान कापतात. त्या बीजाणूंच्या पुंजक्या आहेत, राहू द्या.

## तपकिरी भुकटी आणि पांढरा चिकटा

हे दोन्ही पटकन संपवतो, कारण यांच्यावर कुणी वेळ घालवू नये असं माझं मत आहे.

तपकिरी थर म्हणजे डायटम, एकपेशीय सूक्ष्म शेवाळ. यांच्या पेशींना सिलिकाचं कवच असतं. बोटाने पुसलं की निघतात, आणि टाकी स्थिरावली की काही आठवड्यांत आपोआप मागे हटतात. पाणी बदलताना काच पुसा, पानांवरून हलकेच बोट फिरवा, बास. दोन-तीन महिन्यांनंतरही ते तसेच असतील तर भरायच्या पाण्यात सिलिकेट जास्त असण्याची शक्यता धरा.

नव्या लाकडावर येणारा पांढरा, पारदर्शक बुळबुळीत थर म्हणजे लाकडातली विरघळणारी द्रव्यं खाणारे जिवाणू आणि बुरशी. दिसायला किळसवाणा, बाकी निरुपद्रवी. ब्रशने काढा किंवा ठेवा, दोन-तीन आठवड्यांत जातो.

## टाकी अजून कच्ची आहे

माशांच्या विष्ठेतून, कुजणाऱ्या पानांतून अमोनिया तयार होतो. एका गटाचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. या वसाहती फिल्टरच्या स्पंजात आणि तळात बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया झाडांनी घेतला तरच बरं. झाडं नुकतीच लावलेली, मुळं न धरलेली, पानं पालटण्यात गुंतलेली. शेवाळासाठी रान मोकळं. नव्या टाक्यांचं बहुतेक रडगाणं या एका काळातलं आहे.

ॲक्वासॉइल (पाणझाडांसाठी तयार मिळणारी दाणेदार माती) वापरली असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. तिच्यात पोषकद्रव्यं भरलेली असतात आणि पहिले काही आठवडे ती स्वतःच अमोनिया सोडते. माती महागडी आहे म्हणून हा त्रास टळत नाही, उलट जितकी कसदार तितका जास्त. पहिला आठवडा रोज किंवा एक दिवसाआड निम्मं पाणी बदला, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दोन-तीन दिवसांनी, पुढे आठवड्यातून एकदा निम्मं. "सारखं पाणी बदललं तर जिवाणू निघून जातील" ही भीती अनाठायी आहे. ते पृष्ठभागांना चिकटून राहतात, पाण्यात फारसे नसतात. ते जातात फिल्टरचा स्पंज नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली धुतल्यावर. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळायचा.

भरायच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी क्लोरीननाशक वापरा. पाणी दिवसभर उघडं ठेवलं तर क्लोरीन उडून जातं, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) जात नाही.

आणि झाडं कमी लावू नका. "आधी चार काड्या लावतो, वाढतील हळूहळू" हा काटकसरीचा मार्ग शेवाळाच्या सर्वात सोयीचा आहे. पहिल्या दिवसापासून तळाचा बराच भाग झाकला जाईल इतकी झाडं हवीत, आणि त्यात भरपूर वाटा हायग्रोफिला, लिम्नोफिला, सेराटॉप्टेरिस अशा झपाट्याने वाढणाऱ्यांचा. शेवटच्या मांडणीत ती नको असतील तर दोन महिन्यांनी उपटून टाका. तोवर त्यांनी अमोनिया खाण्याचं काम केलेलं असतं.

## प्रकाश: सगळ्यात आधी हात इथे घाला

टाकीत वेग ठरवणारा घटक प्रकाश आहे. तो जितका जास्त, तितकी झाडाची कार्बनची आणि खताची मागणी जास्त. मागणी वाढवून पुरवठा न करणं हीच बहुतेक टाक्यांची कहाणी. दिवे सुंदर दिसतात म्हणून सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत चालू, बारा-बारा तास, आणि मग धागे का आले म्हणून आश्चर्य.

नवी टाकी रोज सहा तास. टायमर लावा, कारण माणूस विसरतो. दिवा मंद करता येत असेल तर निम्म्याच्या आसपास ठेवा. येत नसेल तर टाकीपासून वर उचला किंवा तरंगणाऱ्या झाडांची सावली घ्या. झाडं स्पष्टपणे वाढायला लागली की दर एक-दोन आठवड्यांनी अर्धा तास वाढवत आठ तासांपर्यंत जा. त्याहून पुढे जाण्याने काही साधत नाही. खिडकीतून थेट ऊन पडत असेल तर तेही त्या तासांत मोजा, आणि शक्य तर त्या बाजूची काच झाका.

लिटरमागे किती वॅट हा जुना हिशोब ट्यूबलाइटच्या काळातला. एलईडी दिव्यांत दोन सारख्या वॅटच्या दिव्यांचा प्रकाश खूप वेगळा असू शकतो. मोजायचं यंत्र नसेल तर झाडाला विचारा: दोन पेरांतलं अंतर लांबत चाललंय, खालची पानं गळून नुसती काडी उरतेय, तर तळाशी उजेड कमी पोहोचतोय. अन्यूबियासच्या जुन्या पानांवर आणि पुढच्या काचेवर टणक हिरवे ठिपके येताहेत, तर बहुधा जास्त आहे.

## कार्बन: इथे सगळ्यात जास्त टाक्या अडकतात

झाडाच्या कोरड्या वजनात साधारण चाळीस टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो. पाण्यात वायू हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट हळू पसरतो, आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर न लावलेल्या टाकीत हा वायू बहुधा २ ते ५ पीपीएमच (दहा लाख भागांत इतके भाग) असतो. सिलिंडरने तो ३० पीपीएमच्या आसपास नेतात. हा फरक लक्षात घेतला की जोरदार दिवा आणि सिलिंडर नाही ही जोडी का फसते हे कळतं.

सिलिंडर नसेल तर काही बिघडत नाही. दिवा मंद, झाडं सोशिक: क्रिप्टोकोरिन, अन्यूबियास, जावा फर्न, मॉस, व्हॅलिसनेरिया. तळ झाकणाऱ्या बुटक्या झाडांचा गालिचा आणि लाल झाडं यांचा नाद सोडायचा. साखर-यीस्टची बाटली लहान टाकीला चालते, पण तिचा वायू पहिल्या दिवसांत जास्त आणि पुढे कमी होत जातो, आणि हा चढउतार काळ्या दाढीच्या शेवाळाला (काळ्या झुपक्यांचं शेवाळ, पुढे येईलच) फार मानवतो.

सिलिंडर आहे आणि तरीही शेवाळ आहे, तर क्रमाने हे बघा. वायू दिवा लागायच्या दीड-दोन तास आधी सुरू होतो का? दिवा लागल्याबरोबर प्रकाशसंश्लेषण सुरू होतं, आणि पातळी तेव्हाच तयार हवी. वायू दिव्यासोबत सुरू केला तर दिवसाचा पहिला भाग झाडं उपाशी. दिवा बंद होण्याच्या तासभर आधी वायू बंद केला तरी चालतो.

ड्रॉप चेकरमध्ये (पाण्यातल्या कार्बन डायऑक्साइडची पातळी रंगाने दाखवणारी, टाकीत लावायची छोटी कुपी) काय भरलंय? त्यात ४ केएचचं (केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) तयार द्रावण आणि रंग बदलणारा निर्देशक हवा. टाकीचं पाणी भरलं असेल तर त्या रंगाला काही अर्थ नाही. योग्य द्रावणात हिरवा रंग म्हणजे ३० पीपीएमच्या आसपास, निळा म्हणजे कमी, पिवळा म्हणजे माशांना धोका. आणि हा रंग एक-दोन तास मागे चालतो, त्यामुळे दिवा लागताना दिसणारा रंग आधीच्या पातळीचा असतो. दुसरी पद्धत जास्त भरवशाची: टाकीचं पाणी पेल्यात काढून दिवसभर उघडं ठेवा आणि पीएच मोजा, मग दिवा लागताना टाकीचा मोजा. साधारण एक अंकाचा फरक असेल तर वायू दसपट वाढलेला आहे, म्हणजे बरोबर जागी आहात.

मग प्रवाह. डिफ्यूझरजवळ (वायूचे बारीक बुडबुडे करणारा भाग) धुकं आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही, हे नेहमीचं चित्र. सर्व कोपऱ्यांतली पानं हलकीशी डोलली पाहिजेत. शेवाळ टाकीच्या एकाच बाजूला असेल तर नव्वद टक्के वेळा मी आधी पाण्याचा प्रवाहच तपासायला सांगतो. फिल्टरच्या स्पंजात गाळ साचला की प्रवाह हळूहळू मंदावतो आणि तो रोज बघणाऱ्याला दिसत नाही.

वायू वाढवायचा तो दिवसागणिक थोडा थोडा, आणि तुम्ही घरी असताना. मासे वर येऊन तोंडाने हवा घ्यायला लागले तर लगेच वायू बंद, हवेचा दगड (पंपाने हवेचे बुडबुडे सोडणारा) चालू.

बाटलीतला द्रवरूप कार्बन ही वेगळीच वस्तू. त्यातल्या बहुतेकांत ग्लुटाराल्डिहाइड असतं, जे मुळात जंतुनाशक आहे. शेवाळ मारण्यात त्याचा हातखंडा, पण सिलिंडरची जागा ते घेत नाही. व्हॅलिसनेरिया आणि काही मॉस त्याने विरघळतात. हातमोजे घालून वापरा, वाफ हुंगू नका.

## खत कमी की जास्त?

"खत टाकलं की शेवाळ येतं" ही समजूत अजून जात नाही. अमोनियाच्या बाबतीत ती खरी आहे. नायट्रेट आणि फॉस्फेटच्या बाबतीत, झाडांनी भरलेल्या टाकीत, ती उलटी पडते: घाबरून खत बंद केलं की आधी झाड थांबतं, आणि थांबलेल्या झाडावर शेवाळ चढतं. पाणझाडांच्या टाक्यांचे जाणकार टॉम बार यांनी रूढ केलेली एस्टिमेटिव्ह इंडेक्स पद्धत याच निरीक्षणावर उभी आहे. सगळी पोषकद्रव्यं गरजेपेक्षा थोडी जास्त द्या आणि दर आठवड्याला निम्मं पाणी बदलून साठा पुन्हा खाली आणा. मंद दिव्याच्या टाकीत याचा तिसरा-चौथा हिस्साही पुरतो. ढोबळ मानाने नायट्रेट १० ते ३० पीपीएम आणि फॉस्फेट १ ते ३ पीपीएम असेल तर घाबरायचं कारण नाही. नायट्रेट शून्य असेल तर मात्र आहे.

कमतरता ओळखायची ती पानाच्या वयावरून. नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम ही द्रव्यं झाड जुन्या पानातून काढून नव्याला देऊ शकतं, म्हणून यांची उणीव आधी जुन्या पानांत दिसते. खालची पानं सरसकट पिवळी पडली तर नायट्रोजन. जुन्या पानात टाचणीने टोचल्यासारखी भोकं आणि कडेला पिवळं वलय, तर पोटॅशियम. शिरा हिरव्या आणि मधला भाग फिका, पण जुन्या पानात, तर मॅग्नेशियम. लोह आणि कॅल्शियम झाडाला हलवता येत नाहीत, त्यांची उणीव शेंड्यात दिसते: नवी पानं फिकट-पांढरट म्हणजे बहुधा लोह, मुडपलेली म्हणजे कदाचित कॅल्शियम. कदाचित म्हणण्याचं कारण असं की कार्बन वर-खाली होत असेल तरीही शेंडे असेच मुडपतात, आणि हे कारण कॅल्शियमपेक्षा जास्त वेळा सापडतं.

आरओचं पाणी वापरत असाल तर कॅल्शियम-मॅग्नेशियम तुम्हालाच घालावं लागतं. जीएच (पाण्याचा एकूण कठीणपणा) ४ ते ८ ठेवा. आणि लोहाच्या बाटलीवर ईडीटीए लिहिलंय की डीटीपीए हे बघा; ही लोहाला विरघळलेलं धरून ठेवणारी द्रव्यं आहेत. पीएच ६.५ च्या वर गेला की ईडीटीएतलं लोह टिकत नाही, डीटीपीए साधारण ७.५ पर्यंत तग धरतं. कितीही लोह टाकून पानं फिकीच, अशा तक्रारीमागे बरेचदा हेच निघतं.

## तरंगणाऱ्या झाडाची परीक्षा

दिवा, कार्बन की खत, नेमकं काय अडलंय हे महागड्या चाचण्यांशिवाय कळायला मला सगळ्यात आवडणारा उपाय हा. टाकीत मूठभर तरंगणारी झाडं टाका. साल्विनिया, पिस्टिया, लालमुळ्या फिलँथस, जे मिळेल ते. यांची पानं हवेत असतात, म्हणजे कार्बन यांना हवेतून हवा तेवढा मिळतो. दिव्याच्या सगळ्यात जवळ असल्याने प्रकाशही भरपूर. राहिलं खत, ते मात्र त्याच पाण्यातून घ्यावं लागतं ज्यातून बुडालेली झाडं घेतात.

दोन आठवडे बघा. तरंगणारी झाडं हिरवीगार, पानं मोठी होत दुपटीने वाढली आणि खालची मात्र खुरटलेलीच राहिली, तर पाण्यात खत आहे. अडचण कार्बनची, प्रवाहाची किंवा तळाशी पोहोचणाऱ्या उजेडाची. तरंगणारीही पिवळी, पानं दर पिढीला लहान, मुळं अवाजवी लांब, तर खत कमी आहे, बाकी काही हलवू नका. दोन सावधानता: झाकणाखाली वाफ साचून किंवा फिल्टरच्या धारेखाली सतत भिजून ती सडत असतील तर ही परीक्षा ग्राह्य नाही. आणि ती पसरून पूर्ण पृष्ठभाग झाकतील तर खालच्यांना अंधार, म्हणून निम्म्याहून जास्त झाली की काढत राहा. काढलेली झाडं ओढ्या-तळ्यात टाकू नका, पिस्टियासारखी झाडं तिथे अनावर होतात.

## शेवाळ ओळखून

हिरवे मऊ धागे: टूथब्रशवर गुंडाळून ओढून काढा, दिव्याचे तास कमी करा. कच्च्या टाकीतलं हे सगळ्यात सामान्य शेवाळ आणि सगळ्यात आज्ञाधारक. क्लॅडोफोरा मात्र खरखरीत, फांद्या फुटलेला, हाताला विशिष्ट वास राहणारा. त्याचा एक तुकडा उरला तरी परत येतो, त्यामुळे चिमट्याने चिकाटीने काढणं हाच मार्ग.

काचेवरची हिरवी धूळ रोज पुसली तर रोज येते. अनेकांचा अनुभव असा की तीन आठवडे हात न लावता ती जाड होऊन सुटू द्यावी आणि मग एकदाच खरवडून पाणी बदलावं. संयम असेल तर करून बघा. टणक हिरवे ठिपके ही वेगळी जात: ब्लेडने खरवडा, दिवा मंद करा आणि फॉस्फेट थोडं वाढवा.

पाणीच हिरवं झालं तर पाणी बदलून फायदा नाही, उरलेलं दुसऱ्या दिवशी पुन्हा हिरवं करतं. यूव्ही दिव्याने काही दिवसांत स्वच्छ होतं.

निळसर-हिरवी, चादरीसारखी सोलून निघणारी, मातकट वासाची साय म्हणजे शेवाळ नाही, सायनोबॅक्टेरिया. नायट्रेट शून्य, तळाशी गाळ आणि मेलेला प्रवाह यांतलं एक तरी सापडतंच. साय नळीने ओढून काढा, निम्मं पाणी बदला, टाकी तीन-चार दिवस पूर्ण झाकून अंधारात ठेवा. त्या काळात वायू बंद आणि हवेचा दगड चालू. नंतर पुन्हा निम्मं पाणी बदला, नायट्रेट द्या, प्रवाह सुधारा. शेवटचं केलं नाही तर महिन्यात परत. प्रतिजैविकांनी ती मरते, पण औषधाला न जुमानणारे जिवाणू तयार करण्याच्या वाटेवर एका सायीसाठी जाऊ नये असं मला वाटतं.

काळी दाढी हे लाल शेवाळ आहे, दिसायला काळं-राखाडी. शंका असेल तर एक झुपका काढून स्पिरिटमध्ये टाका. रंग लालसर होतो. शिंगांसारख्या राखाडी काड्यांचं स्टॅगहॉर्नही याच कुळातलं. दोन्ही कार्बनच्या चढउताराची आणि सेंद्रिय गाळाची खूण. जुनी पानं कापून टाका, फिल्टर स्वच्छ करा, कार्बन स्थिर करा. दगडावर, लाकडावर उरलेल्या दाढीला ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सिरिंजने जवळून सोडा. दिवसाला ४ लिटरमागे १ मिलिपेक्षा जास्त नको, फिल्टर दहा-पंधरा मिनिटं बंद, मग चालू. काही दिवसांत दाढी गुलाबी, मग पांढरी होते. मॉस आणि व्हॅलिसनेरियापासून लांब ठेवा. कार्बन स्थिर न करता नुसतं हे करत राहिलात, तर सिरिंज कायमची हातात राहील.

## एका वेळी एकच

वरचं सगळं वाचून एकाच संध्याकाळी दिवा कमी, खत दुप्पट, वायू वाढवला, नवीन फिल्टर असं करू नका. झाडाला नवी पानं काढायला वेळ लागतो, आणि बदलाचा निकाल फक्त नव्या पानावर दिसतो. माझा क्रम: कुजकं काढणं आणि पाणी बदलणं आजच, दिव्याचे तास आजच, मग दोन आठवडे थांबून कार्बन-प्रवाह, मग पुन्हा दोन आठवडे थांबून खत. दर आठवड्याला एकाच जागेवरून फोटो काढा. शेवाळाने माखलेलं जुनं पान परत स्वच्छ होणार नाही. नवी सात-आठ पानं आली की ते कापा. पाण्याचं तापमानही बघा. २८ अंशांच्या वर पाण्यात वायू कमी विरघळतो, झाडांचा आणि जिवाणूंचा श्वास वाढतो, आणि शेवाळ सोडून सगळ्यांनाच ते जड जातं.

## शेवाळ खाणारे प्राणी

अमानो झिंगे धागे उत्तम खातात, नेराइट गोगलगायी काच आणि दगड. पण अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय झिंगे सोडू नका, आणि काही शेवाळनाशकांत तांबं असतं, ते झिंग्यांना विष आहे. आधीच टाकून बसला असाल तर पाणी बरंच बदलून आणि सक्रिय कोळसा फिरवून मगच.

काळी दाढी खाणारा खरा सयामी शेवाळखाऊ घेताना नीट बघा: अंगावरची काळी पट्टी शेपटीच्या टोकापर्यंत जाते आणि पर रंगहीन असतात. त्याच नावाखाली बरेचदा चिनी शेवाळखाऊ मिळतो, जो मोठा झाल्यावर इतर माशांच्या अंगावरचा चिकटा चोखतो. साधा प्लेको तर फूटभर होतो आणि नाजूक लागवड उचकटतो.

ऑटोसिंक्लस डायटमवर तुटून पडतात, म्हणून लोक ते दुसऱ्या आठवड्यातच आणतात. बहुतेक ऑटो निसर्गातून पकडलेले, प्रवासात उपाशी राहिलेले असतात, आणि कच्च्या टाकीतली भुकटी संपली की त्यांना खायला काही उरत नाही. टाकी दोन-तीन महिन्यांची झाली, दगडांवर पातळ हिरवा थर कायम राहायला लागला, की मग पाच-सहांचा थवा आणा. घेताना पोटं बघा; आत ओढलेली दिसली तर तो घोळका दुकानातच राहू द्या.